पहाटेचा भाव

अडीचला गजर. पावणेतीनला टेम्पो, मांजरीच्या फाट्यावर.
चहा टाकायला उठले तर केतकीच्या दाराच्या फटीत उजेड,
निळा, माशांच्या टाकीतला असतो तसा.
पडद्यावर मैदान नाही, चेंडू नाही,
नुसती नावांची यादी
आणि प्रत्येक नावापुढे उलटे पळणारे सेकंद.

खेळत असतीस तर ओरडले असते, मी म्हटलं. हे काय आहे?
लिलाव, ती म्हणाली. श्श.

लिलाव म्हटल्यावर माझे पाय आपोआप थांबतात.
बावीस वर्षं झाली गुलटेकडीच्या फुलबाजारात.

एक डावखुरा पोरगा, नाव मला वाचता येईना,
साडेआठशे नाण्यांना उचलला तिने, शेवटच्या चार सेकंदांत.
आत्ता सगळे झोपलेत म्हणून स्वस्त.
शुक्रवारी ज्याला त्याला संघ लावायचा असतो,
तेव्हा हाच अकराशेला जाईल. त्यातले शंभराला पाच कंपनी कापते.
आडत, मी म्हटलं.
ती वळून बघायला लागली.
हातात एकशे पंच्याण्णव, मी म्हटलं, आणि ती हसली.

तिला हवाय मधल्या फळीतला एकजण. चार लाखांचा.
एकशे पंच्याण्णव, एकशे पंच्याण्णव करत चार लाख?
दिवाळी उजाडेल गं.
उजाडू दे.

घुल्यांच्या निनादला दिवाळीपर्यंत दम नव्हता.
त्याला फोनवर कुणी दादा भेटला: नऊशे रुपयांत दहा लाख नाणी.
फक्त पासवर्ड दे, आणि ते जादाचे सहा आकडे,
मी आत जाऊन भरतो, तू तासभर उघडू नकोस.
तासभर उघडलं नाही त्याने. शहाण्यासारखा जिन्यात बसून राहिला.
उघडलं तेव्हा राखीव गोलकीपर तेवढा उरलेला.
वर आठवड्याने कंपनीचं पत्र:
बाहेरून नाणी घेतलीत, खातं बंद.
चोरी त्याच्याकडे झाली, दंडही त्यालाच.
नऊशेच गेले, त्याची आई म्हणाली.
मी जिन्यातून जाताना त्याला बघितला होता. काही बोलले नाही.

मला तो गेटाबाहेरचा माणूस आठवला.
माझा पहिला दसरा. आत झेंडू ऐंशीवर,
आणि हा अंधारात उभा: चाळीसने घ्या ताई, रोख, पावती नाही.
हात घातला तर वर कोरडा, केशरी, ताजा.
पोत्याच्या पोटात कालचा. भिजलेला, काळा, हाताला चिकटणारा.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं,
केतकीच्या बापाला तर नाहीच.
त्या पहाटे तिला सांगितलं. चहा उतू गेला.

मग काय केलंस?
वरचा वरचा निवडून हार केले. साडेसहा हजारांचा फटका.
आत का नाही गेलीस लिलावाला?
घाई होती.
निनादला पण, ती म्हणाली, आणि परत यादीकडे वळली.

खाली हॉर्न वाजला. चपला शोधताना मी विचारलं,
तुझा पासवर्ड सोपा नाही ना? जन्मतारीख वगैरे?
नाही, अवघड आहे.
बघू, सांग.
नाही.
अगं, मी आई आहे.
माहितीय.

दार ओढून घेतलं. टेम्पोत चढले,
सवयीने कनवटीला हात गेला, गल्ल्याची किल्ली जागेवर होती.
इरफान म्हणाला, मावशी, आज खुशीत? झेंडू चढला काय?
पडलाय, म्हटलं. पस्तीसच्या वर कुणी बोलणार नाही.

हडपसरचा पूल लागला, रस्ता मोकळा,
आणि माझ्या डोक्यात तो डावखुरा पोरगा,
येतील का त्याला अकराशे
शुक्रवारपर्यंत.